केमुनिंगचं अंगण

ही हकिकत वॉटफर्डमध्ये आजवर एकाही माणसाला पटलेली नाही आणि तुम्हालाही पटायची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पटवून घ्यायच्या भरीस पडू नका. नुसती ऐका.

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या एका उतरत्या रस्त्यावर, शेवटच्या सेमी-डिटॅच्ड घरात जयंतराव टिपणीस आणि मधुमतीबाई राहायचे. मागच्या अंगाला कन्झर्व्हेटरी, म्हणजे काचेची खोली, आणि तिच्यापलीकडे फरशी घातलेलं, शेवाळलेलं, कुणाचंही असतं तसं आवार. त्यात कौन्सिलच्या कचऱ्याच्या रंगीत पेट्या. घरात विशेष काही नव्हतं. विशेष होते ते जयंतराव.

उभं आयुष्य त्यांनी रेल्वेच्या सिग्नलांची कामं केली. तिथे एक वायर इकडची तिकडे होऊ दिली नाही. घरी आले की मात्र जिभेला सिग्नल नसायचा. कॅशियोबरी पार्कातला कोल्हा आपल्यामागे बस-स्टॉपपर्यंत आला आणि मुकाट्याने रांगेत उभा राहिला, ही त्यांची थाप मराठी मंडळाच्या दर दिवाळीला नव्याने ऐकायला मिळे, आणि दर वर्षी कोल्ह्यापाशी एखादी वस्तू वाढलेली असे. मागच्या खेपेला त्याच्याकडे सीनियर सिटिझनचा पास होता.

तरीपण इंडोनेशियातलं घर ही थाप नव्हती. निदान सुरुवातीला नव्हती.

निवृत्तीनंतर लोक पुण्यात फ्लॅट घेतात, फार हुशार असतील तर स्पेनमध्ये. मधुमतीबाईंच्या गुडघ्यांना इथला हिवाळा सोसेना म्हणून जयंतराव बाली बघायला गेले. बाली त्यांना महाग वाटली आणि गर्दीचीही. मग समुद्राची चिंचोळी पट्टी बोटीने ओलांडून ते जावाच्या पूर्व टोकाला, एका ज्वालामुखीच्या उतारावर, केमुनिंग नावाच्या खेड्यात जाऊन पोचले. परक्या माणसाला तिथे जमीन विकत मिळत नाही. लांब मुदतीचा भाडेपट्टा मिळतो, वकिलापुढे सह्या होतात, गावच्या मुखियाकडे नारळ-साखर घेऊन जावं लागतं. त्या जमिनीवर एक जुनं जोग्लो उभं होतं. सागवानी घर, मधोमध चार जाड खांब, वर डोंगरासारखं चढत गेलेलं कौलारू छप्पर, आणि सगळ्यात मिळून एकही खिळा नाही. लाकूड लाकडात अडकवलेलं. खांबसुद्धा जमिनीत पुरलेले नव्हते, एकेका घडीव दगडावर नुसते टेकलेले. वाटलं तर सगळं घर सोडवावं, ट्रकमध्ये घालावं आणि दुसऱ्या गावात उभं करावं. सिग्नलवाल्या माणसाला असली जोडणी बघून जे होतं ते झालं. त्यांनी खांबावर हात ठेवला आणि तो काढायच्या आत होकार देऊन टाकला.

पुढचे काही हिवाळे ती दोघं तिथे राहिली. शेवटचा रस्ता मोटारसायकलपुरता. पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, शेजाऱ्यांशी पाळी लावून घ्यायचं. ज्वालामुखीच्या मनात आलं की खिडक्यांच्या कडेला करड्या राखेचा थर. शेजारची लास्त्री घराची किल्ली सांभाळायची. तिला मराठी येत नव्हतं, मधुमतीबाईंना तिची भाषा येत नव्हती, आणि दोघींचं बोलणं दिवसभर थांबत नसे. तिच्या हातून मधुमतीबाईंनी एकच काम काढून घेतलं होतं, अंगण झाडायचं. काळी, चोपून बसवलेली माती आणि तिच्यावर लवंगेच्या झाडाची पानं. दुपारच्या चहाआधी नारळाच्या हिरांचा खराटा घेऊन त्या झाडायला लागत. एक फटकारा जाणारा, एक परतीचा. खर्र, खर्र. मातीवर पंख्यासारख्या रेघा उमटत.

"लहानपणी या कामाचा भयंकर कंटाळा यायचा," त्या म्हणत. "आता बघा, विमानाने येऊन झाडतेय."

मग एका वर्षी, पानगळीच्या सुमाराला, त्यांच्या हृदयाने कुरकुर केली. डॉक्टरांनी विमानाला ठाम नकार दिला. यंदा नाही, आणि पुढेही नाही.

रिकामं लाकडी घर दमट हवेत फार दिवस तग धरत नाही. लास्त्रीने पाठवलेल्या फोटोंत वाळवीच्या रेषा खांबापर्यंत आलेल्या दिसत होत्या. जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याने मागणी घातली. मधुमतीबाईंच्या कानावर पडू नये म्हणून जयंतराव बस-स्टॉपवर जाऊन उभे राहिले आणि तिथून फोनवर हो म्हणाले. घर सोडवलं गेलं. खांब कुठल्याशा दूरच्या हॉटेलात गेले, जमीन मूळ मालकाकडे परत गेली. घरी जाऊन सरळ सांगून टाकायचं, असं ठरवून ते परतले. दारातच मधुमतीबाईंनी विचारलं,

"लास्त्रीचा फोन होता का हो?"

बायकोचा चेहरा बघून जयंतराव म्हणाले, "हो ना. लवंगा मस्त धरल्यात म्हणाली."

इथून ती थाप झाली.

त्यानंतर रोज सकाळी चहाबरोबर केमुनिंगची बातमी आली. लास्त्रीची कोंबडी अंड्यांवर बसली. झऱ्याची नळी कुणीतरी वाकवून ठेवली होती, ती मुखियाने सरळ करून दिली. मधुमतीबाई आजाराने अर्ध्या झाल्या होत्या, अन्न जात नव्हतं. "बाबा, त्या घराचं बोललं की आईला दोन घास जास्त जातात," असं कॉव्हेंट्रीहून मुलगी आसावरी फोनवर म्हणाली, आणि जयंतरावांना तेवढं पुरे होतं. दुसरं काही नाही तरी थाप ही त्यांच्या हातची गोष्ट होती. मंडळातल्या ओळखीचा बेसिंगस्टोकचा सतीश आणि त्याची बायको अर्चना अधूनमधून शनिवारी भेटायला येत. सतीश सॉफ्टवेअरमधला, पैसे कुठे गुंतवावेत या विचारात कायम बुडालेला. तोही त्या बातम्या कान देऊन ऐके. शेजारचा प्लॉट लीजवर मिळेल का, रस्ता कधी होईल, पाण्याचा हक्क कागदावर मिळतो का. जयंतराव सगळ्याला उत्तरं देत. कुठल्याच उत्तरासाठी त्यांना थांबावं लागत नसे.

मग एक दिवस मधुमतीबाई म्हणाल्या, "त्या घराची वास्तुशांत राहिली आपली."

"तिकडे कुठे वास्तुशांत, मधू!"

"म्हणूनच माझं हे असं झालं."

यापुढे नवऱ्याने काय बोलायचं? पुण्याचे गुरुजी टॅब्लेटवर आले. दिवाणखान्यात छोटं होमकुंड मांडलं, धुराचा अलार्म बोंबलू नये म्हणून त्याला आंघोळीची टोपी घातली. संकल्पात गुरुजींनी गावाचं नाव विचारलं. जयंतरावांनी सांगितलं. "केमुनिंगग्रामे," गुरुजी खणखणीत म्हणाले, जणू पेशव्यांपासून तिथे जात होते. शेवटी त्यांनी बजावलं, "ज्या घराची शांत, त्याच घराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरायचा. आणि पालथा. विसरू नका."

"लास्त्रीला कुरियरने पाठवतो," जयंतराव म्हणाले.

पाठवतात कुठे? ती चांदीची बोटभर प्रतिमा किती तरी दिवस त्यांच्या कोटाच्या खिशात राहिली. कचऱ्याच्या पेटीत टाकवेना, कॅनॉलमध्ये सोडवेना. थापाडे होते, नास्तिक नव्हते. अखेर एका सकाळी, मधुमतीबाई आंघोळीला गेल्या असताना, त्यांनी फोनमधलं होकायंत्र काढलं. घराचा आग्नेय कोपरा कन्झर्व्हेटरीत येत होता आणि तिथली एक टाइल सैल होती. ती उचकटून त्यांनी चमच्याने माती काढली, प्रतिमा ठेवली, टाइल बसवली. ठेवताना ती उताणी ठेवली. पालथी घालायला हात धजेना. जिवंत माणसाचं तोंड मातीत दाबल्यासारखं वाटलं.

ज्या घराचं नाव घेतलं ते जागेवर नव्हतं, आणि ज्या घरात पुरलं त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता ते म्हणाले, "लवंगा वाळत घातल्यात म्हणे, अंगणभर चटयांवर."

दुपारी घरात लवंगेचा वास आला. आधी वाटलं, मधूने मसाल्याचा डबा उघडला. पण त्या ब्लँकेट घेऊन सोफ्यावर झोपल्या होत्या. जयंतराव बॉयलरपाशी हुंगून आले, गॅसपाशी हुंगून आले. वास कन्झर्व्हेटरीतून येत होता, आणि त्यात उन्हाने तापलेल्या चटईचाही वास मिसळला होता. काचेबाहेर बारीक गारा पडत होत्या.

असेल शेजारणीच्या स्वयंपाकाचा, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी ज्वालामुखीने थोडा धूर सोडल्याची बातमी दिली. दुपारी डबल ग्लेझिंगच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं तर ते करडं निघालं. मग त्यांनी टोके सांगितला. टोके म्हणजे तिकडची हातभर लांब पाल, स्वतःचंच नाव घेऊन ओरडणारी. घड्याळामागे राहायला आलाय, असं ते म्हणाले.

त्या दुपारी टीव्हीवर स्नूकर चालू होतं. दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळामागून आवाज आला. "टो-के." थोड्या वेळाने पुन्हा, घोगरा, निवांत. "टो-के." मधुमतीबाई डोळे न उघडता हसल्या. जयंतरावांनी मात्र टीव्हीचा आवाज बंद केला. ते उठून उभे राहिले आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "टोके-बिके काही नाही इथे!"

"टो—"

तेवढ्यावर तुटलं. घड्याळ उतरवून बघितलं, मागे वॉलपेपर होता.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मधुमतीबाई हळहळल्या. "तिकडचा टोके गेला हो कुठेतरी. घड्याळामागे नुसती शेपटी पडली होती." मग जरा दटावून म्हणाल्या, "घरात वाट्टेल ते बोलत जाऊ नका. वास्तू ऐकत असते."

तिकडचा, असं त्या म्हणाल्या होत्या. जयंतरावांनी बशी खाली ठेवली. या घरात केमुनिंगचं जे म्हणावं ते होतं, आणि जे नाही म्हणावं ते जातं, एवढं त्यांच्या सिग्नलवाल्या डोक्यात त्या दिवशी पक्कं बसलं. कसं, ते बसलं नाही. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी अगदी कुणाला सुचणार नाही असं काढलं. "लास्त्रीने मागच्या दाराला निळा रंग लावलाय."

संध्याकाळी मधुमतीबाईंच्या कार्डिगनच्या कोपराला निळा ऑइलपेंट होता. बोट लावलं तर लागला.

"ओला आहे म्हणून सांगायचं नाही का तिने?" त्या वैतागल्या.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले, हे मान्य करायला हवं. मधुमतीबाईंच्या गालांवर रंग आला. जिना त्या कठड्याला हात न लावता चढू लागल्या. त्यांच्या टाचांच्या भेगांत काळी माती दिसे आणि केसांना ऊन लागल्याचा वास येई, जानेवारीत, वॉटफर्डमध्ये. दुपारी कन्झर्व्हेटरीचं दार वाजे, आणि मग काचेपलीकडून, पण काचेपलीकडच्या आवारातून नव्हे, खराटा ऐकू येई. खर्र, खर्र. जयंतराव धावत जाऊन दार उघडत. समोर शेवाळ, कुंपण, कचऱ्याच्या पेट्या, आणि लांबवर गाडीची घरघर. डोळे मिटून उघडून बघितले. एकदा तर बायकोच्या सपाता घालून बघितल्या. त्यांना दिसायच्या त्या पेट्याच.

"तुम्ही येतच नाही तिकडे," मधुमतीबाई म्हणत. "इथेच बसून गप्पा हाणता."

मग ती गारठ्याची सकाळ आली. गवतावर दव गोठलं होतं, गाड्यांच्या काचा खरवडण्याचा आवाज रस्त्यावरून येत होता. मधुमतीबाई खुर्चीतून उठल्या. "फार थंडी आहे हो आज. मी राहतेच तिकडे थोडे दिवस. तुम्ही या मागून."

"हो पुढे," जयंतराव किटली लावता लावता म्हणाले. "मी चहा घेऊन आलोच."

कुणीही म्हणतं तसं ते म्हणाले. दोन कप घेऊन आले तर खुर्चीवर कार्डिगन घडी करून ठेवलं होतं. सपाता नव्हत्या. कन्झर्व्हेटरीच्या दाराला आतून कुलूप होतं आणि किल्ली खिळ्यावर टांगलेली होती.

दुपारी खराट्याचा आवाज आला तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

आसावरीचा फोन आला. "आईला द्या ना."

"झाडतेय गं ती."

"बाबा! तिला झाडायला काय लावताय तुम्ही!"

खरं बोलूनही कुणी रागावतं, याची जयंतरावांना सवय नव्हती.

ते रोज चहाचा कप त्या सैल टाइलवर नेऊन ठेवत. थोड्या वेळाने कप रिकामा असे आणि तळाला एक लवंग. कधी खोकल्याचा आवाज येई, कधी लांबून "अहो," अशी नुसती हाक. आणि सकाळी उठल्याबरोबर, दात घासायच्या आधी, ते कन्झर्व्हेटरीत उभे राहून शब्दांनी घराची डागडुजी करत. चारही खांब भक्कम आहेत. कौलं जागच्या जागी आहेत. झऱ्याला पाणी आहे. लास्त्री भाजी देऊन गेली. वाळवीचं ते नावसुद्धा काढत नसत. शब्द तोंडातून सोडायच्या आधी पुढची लाइन मोकळी आहे ना, हे बघण्याची आयुष्यभराची सवय पहिल्यांदाच त्यांच्या जिभेच्या कामी आली. त्यांना भीती एकच होती. ते घर नाही, असं या घरात कुणी बोलता कामा नये. त्यांच्या डोळ्यांपुढे घड्याळामागची शेपटी येई.

शनिवारी सतीशचा फोन आला. "काका, आम्ही निघालोय. जरा बोलायचंय."

ती दोघं आली तेव्हा आकाश दुपारीच उतरलं होतं. अर्चनाने छत्री झटकली, नाक वर केलं. "काय मस्त वास येतोय! मेणबत्ती आणलीत का ती सुगंधी?"

"लवंगा वाळतायत," जयंतराव म्हणाले. "बसा. चहा टाकतो."

सतीश बसला नाही. त्याने खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "हे तुमच्यासाठी. लवंगा. केमुनिंगच्या."

जयंतरावांचा हात किटलीवर राहिला.

"ऑफिसच्या कामाने जकार्ताला होतो," सतीश म्हणाला. "म्हटलं, लीजवर सही करायच्या आधी साइट बघून यावी. जाऊन आलो, काका."

"अरे वा. चल, जरा पाय मोकळे करून येऊ. बाहेर बोलू."

"काका, गारा पडतायत!" अर्चना हसली.

"मग काय झालं? कोल्हासुद्धा उभा राहतो गारांत. तुला कोल्ह्याची नवीन सांगितली का? परवा त्याने—"

"कोल्हा नको, काका," सतीश म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याच्या आवाजात जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. तो त्यांच्याशी जपून बोलत होता. "काकू कुठे आहेत?"

"तिकडेच. केमुनिंगला."

"डॉक्टरांनी विमान बंद केलंय ना त्यांचं?"

"विमान लागत नाही. ऐक, तुझा विश्वास बसायचा नाही—" आणि ते घाईघाईने सांगत सुटले. टाइलबद्दल, टोकेबद्दल, निळ्या रंगाबद्दल. आयुष्यात पहिल्यांदा ते मीठमसाला न लावता सांगत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं सांगणं अडखळत होतं.

मध्येच अर्चना म्हणाली, "शेजारी कुणी झाडतंय का? अशा हवेत?"

खर्र, खर्र.

"तुझी काकू," जयंतराव म्हणाले.

अर्चना उठून कन्झर्व्हेटरीत गेली. काचेला कपाळ टेकून तिने बघितलं. परत आली तेव्हा हात चोळत होती.

"बाहेर कुणी नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "आवाज येतोय, पण... सतीश, आपण निघू या का?"

"एक मिनिट." सतीश जयंतरावांसमोर गुडघ्यावर बसला. "काका, मला फसवलंत त्याचं काही नाही. सही केली नाही, सुटलो. पण काकूंना तरी खरं सांगा. मी त्या जागेवर उभा होतो. तिथे खांब नाहीत."

मागे लाकूड करकरलं.

"आहेत," जयंतराव म्हणाले. "सागाचे आहेत. चारही."

करकर थांबली.

"फक्त दगड आहेत, काका. छप्पर नाही—"

लवंगेचा वास विरळ झाला. त्या जागी ओल्या कार्पेटचा वास आला.

"आहे छप्पर! कौलं आहेत. सतीश, बाळा, तुझ्या पाया पडतो, या घरात बोलू नकोस."

"त्यांना बरं नाहीये," अर्चना कुजबुजली. "सोड ना."

खराटा चालूच होता. जाणारा, परतीचा. जाणारा, परतीचा.

"अहो," काचेपलीकडून हाक आली. "कोण आलंय?"

अर्चनाने पटकन सतीशचा दंड धरला. सतीशने मान वळवून बघितलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला आणि मग त्याने तो नीट केला, माणूस शर्ट नीट करतो तसा.

"फोनवर रेकॉर्डिंग ठेवलंय का तुम्ही, काका?"

"अंगण बघितलंस का?" जयंतरावांनी त्याचे दोन्ही हात धरले. "घराचं सोड. अंगण होतं ना? ते बघितलंस ना?"

सतीशने हात सोडवून घ्यायला बघितलं. मग त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"ते झाडलेलं होतं. लख्ख. ताज्या रेघा होत्या, पंख्यासारख्या. लास्त्रीला विचारलं तर म्हणाली, मी नाही झाडत, गावातलं कुणीच झाडत नाही. पाऊलही उमटलेलं नव्हतं."

जयंतरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तीच ती! अरे, तीच! तुझी काकू आहे तिथे!"

"काका, पुरे आता," सतीश मोठ्याने म्हणाला, कारण त्याला स्वतःलाच भीती वाटायला लागली होती. "खोटं बोलताय तुम्ही. तिथे कुणीही नाहीये."

काचेपलीकडे खराट्याचा एक फटकारा गेला.

परतीचा आला नाही.